बोटं धुतलेलं पाणी

फादर इनास, मंगळवारी तुमच्या मातीला मी आले होते. परळच्या तुमच्या देवळात (आमची माणसं चर्चला देऊळच म्हणतात) मी बारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तरी आले. कशाला आले म्हणाल तर खरं सांगते, बघायला आले, रडायला नाही. तुमच्या पेटीला खांदा कोण देतं, पुढच्या बाकावर कोण बसतं आणि आमची माणसं कुठे उभी राहतात, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मेलेल्याच्या दारात संशय घेऊन जाऊ नये म्हणतात. माझा तर जन्मच संशयात गेला. एका दिवसापुरता तो कुठे ठेवून येणार?

बाहेर परळभर नव्या राज्याची तोरणं अजून लटकत होती. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला आणि दोन आठवड्यांत तुम्ही गेलात. अंथरुणावरून पेढे वाटलेत म्हणे. मार्थाबाई सांगत होती. मार्थाबाई म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, आमच्यासारखीच नगरकडच्या महारवाड्यातून आलेली, आणि सगळं सोसून अजून तुमच्या देवळात टिकलेली.

लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. गेलेल्याबद्दल बोलतातच. माझं मात्र तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि मंगळवारी तुमच्या मिस्सेला, म्हणजे मातीआधीच्या पूजेला, मी जे बघितलं त्यानं त्या भांडणाचा पायाच हलला. म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे. जिवंत होता तेव्हा तुम्ही ऐकून घेत होता, तर मीच बोलले नाही.

पहिल्यापासून सांगते, कारण यातली मुख्य गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितलीच नाही. माझा बाप लालबागच्या गिरणीत रिंग खात्यात सूत कातायला होता. विणकर खात्यात जायची त्याची फार इच्छा. तिथल्या माणसाचा चाळीत रुबाब असायचा. पण तिथे महाराला घेत नसत. कारण साधं होतं. मागावरच्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. आज एकानं तोंड लावलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. बाप घरी येऊन म्हणायचा, "आपला घाम चालतो, थुकी चालत न्हाय." तो गावीच ख्रिस्ती झाला होता. नाव बदललं, गळ्यात क्रूस आला, मुंबई आली, पण धोटा काही त्याच्या हाती आला नाही. रिंग खात्यातच खोकून खोकून तो गेला.

थुंकीची ही गोष्ट ऐकतच मी वाढले. आणि मग दर रविवारी आईचं बोट धरून देवळात.

तेव्हा पहिल्या बाकावर गिरणीतला गोरा मास्तर आणि त्याचं कुटुंब बसायचं. त्यांच्यामागे गोव्याचे, मंगळूरचे, कचेरीत कामाला असलेले. मग बाकीचे. आणि दाराजवळ, जिथे बाक संपून नुसती फरशी होती, तिथे आम्ही. कुणी पाटी लावली नव्हती. पाटी असती तर एखाद्यानं फाडली तरी असती. प्रसाद घ्यायला पुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे, तेही ह्याच क्रमानं. पाद्री पांढरी पातळ भाकर प्रत्येकाच्या जिभेवर ठेवत जायचा. आमच्या जिभा सगळ्यांत शेवटी, कारण आमच्या जिभेला लागलेली बोटं दुसऱ्या कुणाच्या जिभेला लागलेली चालत नव्हती. हेही कुणी बोललेलं नव्हतं. पुढे साहेब विलायतेला गेला, पहिलं बाक रिकामं झालं आणि मागचे सगळे एकेक बाक पुढे सरकले. आमची फरशी जिथल्या तिथे राहिली.

इतकं सगळ्यांनाच माहीत आहे, तुम्हालाही होतं. तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट ही, की मी पाणी बघितलं होतं. आमची रांग संपली की पाद्री वर वेदीपाशी जायचा आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा. बाजूचा सेवक बारक्या सुरईतून त्याच्या बोटांवर पाणी ओतायचा. दारातून, माणसांच्या डोक्यांमधून मला तेवढंच दिसायचं. वाकलेली पाठ, पुढे केलेली बोटं, पाण्याची धार. नुकतीच माझ्या आईच्या जिभेला लागलेली बोटं. धोट्याच्या गोष्टीवर वाढलेल्या पोरीला याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही.

गोरा पाद्री धूत होता तोवर मी सोसलं. तो परका, तो जाणार होता. मग तुम्ही आलात. वसईचे, मराठी बोलणारे. पहिल्याच रविवारी तुम्ही मराठीत प्रवचन केलंत आणि आई पदर तोंडाला लावून रडली. "आपल्या भाषेत बोलला गं!" मी म्हटलं, थांब. भाषेचं नंतर, आधी बोटं बघू. त्या दिवशी मी टाचा उंचावून बघितलं. आमची रांग आली, त्यात आई अगदी शेवटची. तुम्ही तिच्या जिभेवर भाकर ठेवलीत, वर गेलात, पाठ केलीत आणि बोटं पुढे केलीत. सेवकानं सुरई वाकडी केली.

त्यानंतर मी देवळात आले नाही.

आईला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ते आपल्यासाठनं न्हाय. म्होरं येऊन बघ एकदा."

मी म्हटलं, "म्होरं येऊ देतात का आपल्याला?"

ती काही तरी आणखी सांगायला बघत होती, पण मी तिला बोलू दिलं नाही. "तुला गोड बोललं की सगळं पटतं," असं म्हणून मी भाकऱ्या थापायला बसले. पुढच्या रविवारी ती एकटी गेली आणि परत फरशीवर बसली.

तुम्ही मला शोधत चाळीत आलात. वसईची सुकेळी आणली होती, केळीच्या सोपटात गुंडाळलेली. आईनं ती देवापुढे ठेवल्यासारखी फळीवर ठेवली. मी म्हटलं, माणूस हातात खाऊ घेऊन येतो तेव्हा त्याला काहीतरी घ्यायचं असतं. आईनं कोरा चहा केला. तुम्ही आमच्या कपाला ओठ लावून प्यायलात. माझ्या मनात आलं, चहा उकळलेला असतो, त्याचा विटाळ नसेल मानत. मग एका रविवारी सकाळी आलात तेव्हा मी मुद्दाम तांब्यात पाणी आणून पुढे केलं. तुम्ही म्हणालात, "नको शेवंता, आता नको." झालं! मी ते गाठीला बांधून ठेवलं. नको का म्हणालात, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि आजही मला माहीत नाही.

तरी तुमच्याशी भांडायला मला आवडायचं, हे कबूल करते. गिरणीत वायंडिंग खात्यात, सुताच्या कांड्या भरताना, दिवसभर बायकांशी ओरडून बोलायचं, यंत्राच्या आवाजात दुसरं काय करणार. तुमच्याशी मात्र गॅलरीत बसून हळू आवाजात भांडता यायचं. मी म्हणायचे, "तुमची माणसं चारशे वर्षांपूर्वी बामण होती ना? अजून सांगतात म्हणे लग्न जमवताना." तुम्ही म्हणायचात, "सांगतात. आमच्या घरीही सांगतात." तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. त्यामुळे तर माझा संशय आणखी वाढायचा. इतकं खरं बोलणारा माणूस काहीतरी मोठं लपवत असणार.

एकदा तुम्ही तुमच्या शिकायच्या दिवसांची गोष्ट सांगितलीत. सेमिनरीत युरोपातून आलेले फादर वेगळ्या टेबलावर जेवत. तुम्ही सगळे काळे त्यांच्यानंतर. एकदा तहान लागली म्हणून तुम्ही त्यांच्या टेबलावरच्या ग्लासातून पाणी प्यायलात, तर तो ग्लास त्यांनी टाकून दिला. तुमच्यादेखत.

आई हळहळली. "अरं देवा, फादरला बी?"

मी म्हटलं, "म्हणजे कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे."

"आणि तरी आम्ही शेवटी?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "एकदम केलं तर देऊळ फुटेल. हळूहळू होईल."

"हळूहळू हा पुढच्या बाकावरचा शब्द आहे, फादर. फरशीवर बसून तो कुणी बोलत नाही."

आईनं मला चिमटा काढला. उठताना तुम्हाला खोकल्याची उबळ आली, ती तुमची नेहमीची, दोन लहान आणि एक लांब. चाळीत जिन्यावर तसा खोकला आला की आई आधण ठेवायची.

आता छप्पन सालच्या त्या जानेवारीचं. हे लिहायचं मी चार पानं टाळलं.

मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हटल्यावर गिरणगाव पेटलं होतं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. आमच्या चाळीच्या तोंडाशी पोलीस उभे. आणि नेमकी तेव्हाच आई पडली. छातीत पाणी झालं होतं तिच्या. डॉक्टर मिळेना. तिला डॉक्टर नकोच होता म्हणा. ती एकच गोष्ट मागत होती. "फादरला बोलाव. तेल लावून घेते." मरणाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना पाद्री तेल लावून प्रार्थना म्हणतो, मग माणूस निर्धास्त जातो, असं ती मानायची. मी म्हणत राहिले, "बाहेर गोळ्या चालल्यात, कोण येणार?" खरं म्हणजे मी कुणाला पाठवलंच नव्हतं. निरोप मार्थाबाईनं दिला, मागच्या गल्लीतून, घराघरांतून.

दुपारी तुम्ही आलात. पांढरा झगा, हातात छोटी पेटी, आणि पुढे एक पोलीस, संचारबंदीत फिरायचा पास काढल्यामुळे सोबत दिलेला. गॅलऱ्या भरल्या. संचारबंदीत पोलिसाबरोबर चालणारा माणूस म्हणजे खबऱ्या, असं लोकांच्या मनात येणारच. खालच्या मजल्यावरचे परबकाका वर तोंड करून ओरडले, "शेवंता, ह्यो पाद्री पोलिसांवांगडा कित्याक फिरता गो? कोणाक दाखवूक इलो?" कुणीतरी वरून पाणी ओतलं तुमच्यावर. तुम्ही मान वर केली नाहीत. जिना चढताना खोकलात. दोन लहान, एक लांब.

मी दारात आडवी उभी राहिले. एक हात या चौकटीला, एक त्या.

"आई झोपली आहे," मी म्हटलं.

"मी थांबतो."

"नको."

"मग इथूनच, दारातून प्रार्थना म्हणतो. तेल फक्त कपाळाला. दोन मिनिटं, शेवंता."

माझ्या डोळ्यांपुढे तुमची बोटं होती. आईच्या कपाळाला लागणार, हाताला लागणार, आणि मग तुम्ही देवळात जाऊन ती धुणार. मरतानासुद्धा माझ्या आईचा स्पर्श धुतला जाणार. मी म्हटलं, "नाही. का नाही ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. झग्यावरून पाणी निथळत होतं. मग तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "हो. माहीत आहे."

आणि गेलात.

तुमच्या त्या एका 'हो'वर मी चार वर्षं जगले. पाद्र्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणखी काय पाहिजे?

आत आले तर आईचे डोळे उघडे. "कोन आलं व्हतं?"

"कुणी नाही. दूधवाला."

ती म्हणाली, "दूधवाल्याला बी फादरासारखाच खोकला झालाय व्हय?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

संचारबंदी सैल झाल्यावर शिवडीला तिला माती दिली. तुम्ही आलात, मी बोलावलं नव्हतं. सगळं नीट म्हटलंत, मराठीत म्हटलंत, आणि ओंजळभर माती स्वतःच्या हातानं टाकलीत. मी तुमचे हात बघत होते. तुम्ही ते झग्याला पुसलेत. मनात म्हटलं, घरी जाऊन धुतील.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, ज्यांनी आम्हाला ताठ मानेनं उभं राहायला शिकवलं त्यांना दादरच्या समुद्रकाठी निरोप देताना, मी हजारो माणसांबरोबर धम्म स्वीकारला. तिथे कुणी पुढे नव्हतं, कुणी मागे नव्हतं. माणसांचा समुद्रच होता. सिसिलिया हे तुमच्या वहीतलं माझं बाप्तिस्म्याचं नाव मी तिथेच सोडलं. पुढे रस्त्यात भेटलात तेव्हा तुम्ही विचारलंत, "आता काय म्हणून हाक मारू?" मी म्हटलं, "शेवंता." तुम्ही म्हणालात, "मी तर पहिल्यापासून तेच म्हणतो." मला हसू आलं होतं, पण मी ते तुम्हाला दिसू दिलं नाही.

काही महिन्यांनी मार्थाबाई धावत आली. तुम्ही म्हणे त्या रविवारी प्रसादाचा पेला घेऊन कठडा ओलांडून खाली उतरलात, सगळ्या बाकांमधून चालत थेट दारापर्यंत गेलात आणि फरशीवरच्या माणसांपासून सुरुवात केलीत. पहिल्या जिभेवर भाकर ठेवली ती मार्थाबाईच्या. पुढची दोन बाकं उठून निघून गेली. कुणी वरपर्यंत तक्रार केली. तुम्हाला बोलावणं आलं. परत आल्यावर दोन रविवार तुम्ही मुकाट जुन्या क्रमानं प्रसाद दिलात आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा मागून सुरू केलंत. मग जो आधी येईल तो आधी, असंच झालं.

मी ट्रामच्या थांब्यावर तुम्हाला गाठलं. अभिनंदन करायला नाही.

"ऐकलं ते. मागून सुरुवात केलीत."

"उशीर झाला," तुम्ही म्हणालात.

"उशीर कसला? वेळ बघून केलंत. आमची अर्धी माणसं धम्मात गेली, उरलेली जाऊ नयेत म्हणून. शिवाय सध्या मराठी तोंडं पुढे दिसलेली बरी. चाळीचाळीत बोलतात, पाद्री लोक महाराष्ट्राच्या बाजूचे नाहीत म्हणून. आणि मधले ते दोन रविवार? तेव्हा ख्रिस्त सुट्टीवर होता वाटतं!"

थांब्यावरची माणसं बघायला लागली. तुम्ही रागावला नाहीत. "मधले दोन रविवार मी घाबरलो होतो," म्हणालात. "बाकी तुझी शंका रास्त आहे. मलाही माझी शंका येते. हे त्यांच्यासाठी केलं की रिकाम्या होणाऱ्या फरशीसाठी, असं स्वतःला विचारतो. नीट उत्तर येत नाही."

"मग केलंत कशाला?"

"उत्तराची वाट बघत बसलो असतो तर आणखी दहा वर्षं गेली असती. तुझी आई तशीच गेली ना."

ट्राम आली. मी चढले. त्या क्षणी विचारायला हवं होतं, आणि ती बोटं, फादर? ते पाणी? पण मला वाटलं, कबूल केलेलं माणसाला पुन्हा काय विचारायचं. आपली ती शेवटची भेट.

तर मंगळवारी. देऊळ इतकं भरलं होतं की मुख्य दारातून आत शिरता येईना. मार्थाबाईनं माझा हात धरला आणि बाजूच्या लहान दारानं मला आत ओढलं. ते दार वेदीच्या अगदी शेजारी उघडतं. मी नको नको म्हणत असताना तिनं मला तिथल्या बाकावर बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी देवळात पुढे बसले, तेही बाजूला, जिथून पाद्र्याची पाठ दिसत नाही, हात दिसतात.

मिस्सा कुणी तरुण फादर म्हणत होते. प्रसादाची वेळ झाली. माणसं येत होती तशी गुडघे टेकत होती. कोण कुठलं, काही क्रम नव्हता. तेवढं तुम्ही मागे ठेवून गेलात. मी मोजून बघत होते म्हटलं तरी चालेल. सगळ्यांत शेवटी डोक्यावर काळी जाळी घेतलेली एक गोरीपान म्हातारी आली, पूर्वी दुसऱ्या बाकावर बसायची ती. तरुण फादरांनी तिच्या जिभेवर भाकर ठेवली, ते वर गेले, आणि त्यांनी बोटं पुढे केली. सेवकानं सुरई वाकडी केली.

मी जागच्या जागी ताठ झाले. हिच्यानंतरही?

आणि मग मला दिसलं की ती बोटं पेल्यावर धरलेली आहेत. पाणी खाली जात नव्हतं, पेल्यात पडत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पेला उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं. शेवटच्या थेंबापर्यंत.

मी मार्थाबाईचा दंड धरला. "हे काय केलं त्यांनी?"

"काय म्हंजी? बोटाला प्रसादाचा कण ऱ्हातो. त्यो वाया जाऊ नये म्हून पानी घेत्यात आन पित्यात."

"नेहमी?"

"दर मिस्सेला. आपला फादर बी प्यायचा, त्याच्या आदीचा गोरा बी. शेवंते, इतकी वर्सं देवळात व्हतीस, तुला ठावं न्हाय?"

मला ठावं नव्हतं, फादर. दारातून दिसत नाही ते.

आई हेच सांगत होती. म्होरं येऊन बघ एकदा. आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं.

त्यानंतर तुमची पेटी निघेपर्यंत मी काय केलं मला आठवत नाही. मार्थाबाई म्हणते रडले. असेन. एकच चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. माझ्या बापाच्या तोंडचा धोटा गिरणीतल्या एकाही माणसानं तोंडाला लावला नसता. आणि वसईच्या बामण-घरातला तुम्ही, माझ्या आईच्या जिभेला लागलेली बोटं धुऊन ते पाणी दर रविवारी पीत होता. ज्याचा ग्लास फेकून दिला होता, तो माणूस. कुणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पेटी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो जागा झाला. म्हटलं, शेवंते, पाघळू नकोस. ते पाणी तो तुझ्या आईसाठी पीत नव्हता, कणासाठी पीत होता. आईची जीभ त्याच्या मनातसुद्धा आली नसेल. म्हणजे धुणं आमच्यासाठी नव्हतं आणि पिणंही आमच्यासाठी नव्हतं. हे खरं असेल. तुम्ही असता तर मान खाली घालून म्हणाला असतात, "हो, खरं आहे." तरीही, फादर, पीत होता. आणि मनात काही न आणता पीत होता. यातलं मला काय खुपतंय आणि काय भावतंय, ते अजून मला वेगळं करता आलेलं नाही.

आणि तुमचा तो 'हो'. आता कळतं, तो रांगेचा होता. मी दारात पाण्यासाठी उभी होते आणि तुम्ही रांगेसाठी मान खाली घातलीत. रांग खरी होती. ती तुम्ही नऊ वर्षं डोळ्यांनी बघितलीत आणि हळूहळू म्हणत राहिलात. ती तुमची चूक, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ती माफ करणार नाही. पण पाणी माझी चूक. मागे उभ्या केलेल्या माणसाला पाठच दिसते, हे मी कुणालाही सांगेन. मागे मला मी उभं केलं नव्हतं. पण पाठ बघून तोंड कसं असेल हे मात्र मीच ठरवलं, आणि त्याची किंमत आईनं दिली. तिला तेल मिळालं नाही. पाण्याचं तुम्ही मला सांगू शकला असता, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात झालं असतं.

काल शिवडीला गेले. तुम्हाला पुढे ठेवलंय, फाटकातून शिरल्याबरोबर, पाद्र्यांच्या ओळीत. फुलं अजून ताजी आहेत. आई पार मागे, कुंपणाच्या भिंतीशी. मेल्यावरही रांग आहेच, बघा. तुमच्याजवळ क्षणभर थांबले आणि तिच्याकडे गेले. तिच्या क्रुसावरचं गवत काढलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, तो दूधवाला नव्हता. फादर आले होते. मी दारातून परत पाठवलं." माळी वळून बघायला लागला. तिला ते कळलंच होतं म्हणा, खोकल्यावरून. पण माझ्या तोंडून यायचं राहिलं होतं.

मी बुद्धाची आहे, फादर. गेल्यावर कुणी कुणाला भेटतं असं मी मानत नाही. पण आई मानायची, तुम्हीही मानत होता. दोघांविरुद्ध मी एकटी काय बोलू? तेव्हा तुमचं खरं असेल तर एवढं करा. तिचं तेल राहिलंय. ती तिथेही दाराजवळ फरशीवरच बसली असेल, पदर डोक्यावर घेऊन, जुनी सवय. शेवटपर्यंत चालत जायचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. जा. या वेळी दारात मी उभी नाही.